मुंबईत रिंग गर्लचे काम कसे मिळवावे आणि कसे करावे

व्यावसायिक मुष्टियुद्ध, किकबॉक्सिंग किंवा मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढतीत दोन राउंडच्या मधल्या विश्रांतीत पुढच्या राउंडचा आकडा लिहिलेले कार्ड डोक्यावर धरून रिंगमध्ये एक चक्कर मारायची, एवढेच रिंग गर्लचे काम प्रेक्षकांना दिसते. या कामाला चेहरा आणि बांधा लागतो, हे कोणी नाकारणार नाही; परंतु एकदा बोलावलेल्या मुलीला दुसऱ्यांदा बोलावले जाते ते ती साठ सेकंदांच्या हिशेबात चोख बसते म्हणून. टाइमकीपर, पंच आणि कॅमेरावाले यांच्यापैकी कोणालाही जिच्यासाठी खोळंबावे लागले नाही, तिचे नाव आयोजकाच्या यादीत राहते. रॅम्प, कॅटलॉग किंवा प्रदर्शनांमधली थोडीफार कामे केलेल्या आणि आता या क्षेत्रात पाऊल टाकू पाहणाऱ्या मॉडेलसाठी पुढील माहिती आहे.

आधी बाजार समजून घ्यावा

मार्च २०१२ मध्ये मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये मुष्टियोद्धा विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली यांची लढत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाली, आणि मार्च २०१९ मध्ये अभिनेता टायगर श्रॉफच्या कुटुंबाच्या मॅट्रिक्स फाइट नाइट या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या मालिकेची सुरुवातही त्याच डोममधून झाली. पुढे मात्र तिचे कार्यक्रम दुबई, हैदराबाद आणि दिल्लीच्या बाजूला गेले. मुंबईत अशी मोठी रात्र नेमाने येत नाही आणि केवळ राउंड कार्डच्या कामावर अंधेरीतल्या खोलीचे भाडे निघत नाही, हे यावरून ध्यानात यावे. अधूनमधून जिमवाल्यांच्या लढती, कंपन्यांच्या पार्ट्या आणि समाजमाध्यमांवरच्या प्रसिद्ध चेहऱ्यांची मुष्टियुद्धे होतात, तेव्हा हे काम निघते. हौशी स्पर्धांमध्ये ते सहसा नसतेच.

परदेशातली उदाहरणे डोळ्यांसमोर असतील तर त्यांचाही अर्थ नीट लावावा. यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या अमेरिकन संस्थेच्या लढतींमध्ये एरियानी सेलेस्टे २००६ पासून अनेक वर्षे कार्ड घेऊन दिसत राहिली, आणि ब्रिटनी पामरने २०२३ मध्ये ते काम सोडले तेव्हा चित्रकार म्हणून तिची वेगळी ओळख झालेली होती. अशी कायमची जागा जगभरात बोटांवर मोजण्याइतक्या जणींना मिळते, आणि त्यांनीही त्या जागेच्या आधाराने दुसरे काहीतरी उभे केले. मुंबईतल्या मॉडेलने हे काम आपल्या इव्हेंटच्या कामांपैकी एक प्रकार म्हणून धरावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. गावाकडच्या नातेवाइकांना ते समजावून सांगणे मात्र अवघड जाते, कारण आपल्या कुस्तीच्या फडात हलगी असते, पंच असतात, फेटे असतात, पण कार्ड घेऊन फिरण्याची जागाच नसते.

काम मिळवताना

फॅशनच्या एजन्सीपेक्षा इव्हेंटला मनुष्यबळ पुरवणारे कोऑर्डिनेटर येथे अधिक उपयोगी पडतात. लोखंडवाला, ओशिवरा आणि वर्सोव्याचे आरामनगर या पट्ट्यात त्यांची बहुतेक कार्यालये आहेत आणि मागणी येते ती त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्यांना पाठवण्यासाठी चकचकीत पोर्टफोलिओची गरज नसते. मेकअपशिवाय समोरून, बाजूने आणि पाठीमागून घेतलेली पूर्ण उंचीची छायाचित्रे, उंची व मापे, चपलेचा नंबर, आणि दोन्ही हातांत पुठ्ठा उंच धरून उंच टाचांवर चालतानाची अर्ध्या मिनिटाची आडवी चित्रफीत, एवढे पुरते. ही चित्रफीत फारसे कोणी पाठवत नाही आणि निवड करणाऱ्याला नेमके तेच पाहायचे असते. हात वर गेले की पुष्कळ चांगल्या मॉडेलचीही चाल बिघडते.

कोऑर्डिनेटरचे कमिशन मानधनाच्या साधारण वीस टक्क्यांच्या आसपास असते आणि ते काम झाल्यावर मानधनातून कापले जाते. काम देण्याआधी नोंदणी शुल्क मागणारा, किंवा अमुक एका स्टुडिओतच पोर्टफोलिओ करून घ्या असा आग्रह धरणारा माणूस काम देणारा नसतो. ‘कॉम्प्रोमाइज’ (म्हणजे कामाच्या बदल्यात शरीरसंबंधाची मागणी) हा शब्द आडून आला तरी बोलणे तेथेच थांबवावे आणि तो संदेश पुसून न टाकता जपून ठेवावा. भेट कार्यालयात आणि दिवसाउजेडी ठरवावी. ओळखपत्र मागितले तर शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क केलेले आधार पाठवावे. पूर्ण आधार, पॅन आणि छायाचित्रे एकाच अनोळखी क्रमांकावर पाठवण्याची घाई करू नये.

साठ सेकंदांचा हिशेब

व्यावसायिक मुष्टियुद्धात पुरुषांचा राउंड ३ मिनिटांचा आणि महिलांचा सहसा २ मिनिटांचा असतो. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये तो ५ मिनिटांचा असतो. या सगळ्यांत मधली विश्रांती १ मिनिटाची असते. थायलंडच्या पारंपरिक मुए थाईमध्ये ती २ मिनिटांची असल्यामुळे तेथे थोडी उसंत मिळते. कार्डावर येणाऱ्या राउंडचा आकडा असतो, संपलेल्या राउंडचा नव्हे. पहिल्या घंटेच्या आधी १ दाखवायचा आणि पहिला राउंड संपल्यावर २, हे कागदावर सोपे वाटते, पण गोंगाटात आणि झगमगाटात नवख्या मुलीचा हात नेमका चुकीच्या कार्डावर जातो.

आता चालण्याचे गणित पाहावे. दोरांच्या आतली रिंग साधारण ६ मीटर लांब आणि तेवढीच रुंद असते. दोरांपासून मीटरभर आत राहून चाललो तर ४ मीटर बाजूचा चौकोन, म्हणजे एकूण १६ मीटर अंतर होते. अर्ध्या मीटरचे पाऊल धरले तर ३२ पावले, आणि सेकंदाला एक पाऊल या संथ चालीने ३२ सेकंद. दोरांतून आत शिरायला आणि बाहेर पडायला प्रत्येकी ८ सेकंद धरले तर ४८ सेकंद झाले. राउंड सुरू होण्याआधी दहा सेकंद उरले की टाइमकीपर इशारा देतो आणि कॉर्नरमधले लोक स्टूल, बादली, टॉवेल घेऊन बाहेर पडू लागतात. त्या इशाऱ्याच्या आत तुम्ही दोरांच्या बाहेर असायला हव्यात. म्हणजे हाताशी उरतात फक्त दोन सेकंद. चाल कशी असावी याविषयी सौंदर्यस्पर्धांतून शिकलेले बरेच काही येथे गुंडाळून ठेवावे लागते ते यामुळेच.

हा हिशेबही रिंग रिकामी आहे असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात लाल आणि निळा असे समोरासमोरचे दोन कोपरे खेळाडूंचे असतात आणि विश्रांतीत तेथे खेळाडू, प्रशिक्षक आणि जखमेवर औषध लावणारा कटमन यांची गर्दी असते. त्या दोन कोपऱ्यांजवळून जाताना चौकोन आतल्या बाजूने तिरका कापावा, कोणाच्याही बादलीला पाय लागू देऊ नये आणि प्रशिक्षक व त्याचा खेळाडू यांच्या नजरेच्या मधून तर कधीच जाऊ नये. ते मिनिट खेळाडूचे आहे. त्याला मिळणारी सूचना आणि पाण्याचा घोट यापुढे कार्डाला महत्त्व नाही. आत जायला उशीर झालाच तर पूर्ण चक्कर पुरी करण्याचा हट्ट न धरता मुख्य कॅमेऱ्याच्या बाजूने एकदा चालून बाहेर पडावे. मुख्य कॅमेरा कोणत्या बाजूला आहे हे दुपारच्या तालमीतच विचारून ठेवावे.

नजर घड्याळापेक्षा फ्लोअर मॅनेजरच्या, म्हणजे रिंगलगत उभे राहून कोणी कधी आत जायचे ते सांगणाऱ्याच्या, हातावर ठेवावी. डॉक्टर रिंगमध्ये शिरले असतील, पंचांनी कोणाला बोलावले असेल किंवा खेळाडू अजून खाली पडलेला असेल तर इशारा झाला असे वाटले तरी आत जाऊ नये. अशा वेळी हसत कार्ड मिरवणारी मुलगी पडद्यावर दिसली तर ती क्लिप वर्षानुवर्षे फिरत राहते.

दोर, टाचा आणि कार्ड

रिंगमध्ये शिरणे हा या कामातला सर्वांत कठीण भाग आहे आणि त्याची तालीम कोणी करून घेत नाही. रिंगला चार दोर असतात. बाहेरच्या कडेवर उभा असलेला मदतनीस खालून दुसऱ्या दोरावर पाय देतो आणि तिसरा दोर हाताने वर उचलतो, तेव्हा मधे वाट तयार होते. कार्ड आधी त्याच्याकडे द्यावे किंवा उभे धरून आडव्या अंगाने आत सरकवावे. मग दोरांना समांतर उभे राहून आतल्या बाजूचा पाय प्रथम टाकावा, कमरेतून वाकून डोके आत घ्यावे, आणि पहिला पाय पक्का टेकल्यावरच दुसरा उचलावा. आधार दोराचा घ्यावा, मदतनिसाच्या खांद्याचा नव्हे, कारण त्याचा तोल गेला तर दोर सुटतो. दोरांना खेळाडूंच्या अंगावरचे व्हॅसलिन लागलेले असते. त्यामुळे हात पुसायला लहान नॅपकिन आपल्या खुर्चीवर ठेवावा, नाहीतर पुढच्या वेळी गुळगुळीत कार्ड बोटांतून निसटते.

रिंगचा तळ टणक नसतो. फळ्यांवर फोमचा थर आणि त्यावर ताणून बांधलेला कॅनव्हास असतो. पेन्सिल टाच त्यात रुतते आणि कॅनव्हासचेही नुकसान करते, म्हणून रुंद टाचेची सँडल घ्यावी आणि मोच्याकडून तिला खाली खडबडीत रबर लावून घ्यावे. लाल आणि निळ्या कोपऱ्यांत पाणी सांडलेले असते, हे तिरके कापून जाण्याचे दुसरे कारण. सराव घरी गादीवर चालून करावा, आणि नंतर सोसायटीच्या गच्चीवर खडूने चार मीटरचा चौकोन आखून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर करावा. गच्चीवरचा वारा कार्ड हलवतो, ही त्या सरावातली चांगली गोष्ट आहे. शेजारच्या काकू वाळवणे राखत तेथे बसलेल्या असतील तर लाजही एकदाच मोडते.

कार्ड बहुधा सनबोर्डचे, म्हणजे हलक्या फोमच्या ताठ पत्र्याचे, असते आणि दोन्ही बाजूंना छापलेले असते. लढती सुरू होण्यापूर्वी सगळी कार्डे स्वतः हाताळून पाहावीत. दोन्ही बाजूंचा आकडा एकच आहे का, गठ्ठा क्रमाने लावलेला आहे का, प्रायोजकाचा लोगो सुलटा आहे का, हे तपासावे. बारा राउंडच्या लढतीत इंग्रजी ६ चे कार्ड उलटे धरले की त्याचा ९ होतो, आणि प्रेक्षकांतले कोणी ना कोणी ते ओरडून सांगतेच. कार्ड खालच्या दोन कोपऱ्यांपाशी धरावे, हात कोपरांत किंचित सैल ठेवावेत, आणि वरची कड थोडी पुढे झुकवावी, कारण रिंगलगतचे प्रेक्षक तुमच्यापेक्षा बरेच खाली बसलेले असतात. तीन राउंडच्या आठ लढती असल्या तर कार्ड चोवीस वेळा दाखवावे लागते. दोघी असाल तर बारा बारा वेळा. खांद्यांना हलक्या वजनांची सवय महिनाभर आधीपासून लावलेली बरी.

मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा जाळीचा पिंजरा असेल तर आत जावे लागत नाही. बाहेरच्या अरुंद कडेवरून चक्कर मारायची असते. तेथे दोरांचा त्रास वाचतो, पण कॅमेरावाले आणि त्यांच्या केबल वाटेत असतात आणि विश्रांतीत पिंजऱ्याचे दार उघडलेले असते. त्या दारापासून दूर राहावे.

खुर्चीवर बसण्याचा वेळ प्रत्यक्ष चालण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तोही कॅमेऱ्यात येतो. मोबाइल नको, च्युइंगगम नको, एका खेळाडूची बाजू घेऊन टाळ्या नकोत. रक्ताचे थेंब पहिल्या रांगेपर्यंत उडू शकतात. पाहवत नसेल तर नजर रिंगच्या कडेवर स्थिर ठेवावी, चेहरा झाकू नये. आदल्या दिवशीच्या, खेळाडूंचे वजन करण्याच्या कार्यक्रमालाही बोलावणे असेल तर ते वेगळे मानधन म्हणून मांडावे. वजन काट्यावर बसत नसेल तर खेळाडू टॉवेलच्या आडोशाने उरलेले कपडेही उतरवतो. तो टॉवेल धरण्याचे काम त्याच्या चमूचे आहे, तुमचे नव्हे, हे आधीच सांगून ठेवावे.

कागदावर काय हवे

होकार देण्याआधी पोशाखाचे छायाचित्र मागावे आणि तेच करारात किंवा निदान ई-मेलमध्ये नमूद करून घ्यावे. येथे एक व्यावहारिक अडचण आहे, जी पुष्कळ आयोजकांच्या ध्यानातच येत नाही. रिंगचा तळ जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच असतो आणि छायाचित्रकार खालच्या दोराजवळ कॅमेरा टेकवून बसलेले असतात, म्हणजे प्रत्येक छायाचित्र खालच्या कोनातून निघते. त्यामुळे स्कर्ट टाळून शॉर्ट्स ठरवून घ्यावी, दोरांतून वाकताना पोशाख हलणार नाही याची फिटिंगच्या दिवशीच खात्री करावी, आणि दुहेरी चिकटपट्टी स्वतःच्या बॅगेत ठेवावी. आयत्या वेळी हाती दिलेला वेगळा पोशाख नाकारता यावा म्हणून आधीची लेखी नोंद कामी येते.

किती तासांचे काम, किती वाजता हजर व्हायचे, तालीम धरून मानधन किती, रात्री उशीर झाल्यास जादा तासांचे काय, कार्यक्रम रद्द झाला तर किती टक्के मिळणार, आणि छायाचित्रे केवळ त्या कार्यक्रमाच्या प्रसिद्धीसाठी वापरणार की पुढच्या जाहिरातींसाठीही, हे सगळे त्याच ई-मेलमध्ये यावे. शेवटची लढत मध्यरात्रीपर्यंत लांबू शकते. वरळीहून महालक्ष्मी स्थानक गाठून बोरिवली किंवा विरारची शेवटची गाडी पकडण्याच्या भरवशावर राहू नये. घरापर्यंतची गाडी ही मागणी म्हणूनच मांडावी. कपडे बदलण्यासाठी कडी असलेली वेगळी खोली हवी, आणि मेकअप दादा, ड्रेस दादा वगळता तेथे कोणी येणार नाही, हेही लिहून घ्यावे.

प्रायोजक कोण, हा प्रश्न मुली विचारत नाहीत, आणि तो विचारायलाच हवा. कार्डावरचा लोगो तुमच्या चेहऱ्यासोबत सगळीकडे जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर बंदी घातली आहे. सट्ट्याचे ॲप एखाद्या बातमीच्या संकेतस्थळाचे नाव घेऊन येते तेव्हा तर अधिकच सावध राहावे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा केवळ पगारी कर्मचाऱ्यांपुरता नाही; एका रात्रीसाठी आलेल्या मॉडेललाही तो लागू होतो आणि आयोजकाने दिलेली गाडीही त्यात कामाची जागा धरली जाते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते, आणि नसेल तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. त्याच रात्री मदत हवी असेल तर मुंबई पोलिसांचा १०३ किंवा सर्वत्र चालणारा ११२ हा क्रमांक लावावा.

दुबईचे काम आले तर पर्यटक व्हिसावर जाऊन ते करू नये. तेथे तसे काम करणे बेकायदा आहे, आणि पकडले गेल्यास मॉडेललाही ते निस्तरावे लागते. कामाचा परवाना आयोजकाने काढायचा असतो. तो हातात आल्याशिवाय विमानात बसू नये.

टीका होईल, तीही ठाऊक असावी. जानेवारी २०१८ मध्ये फॉर्म्युला वनने ग्रिड गर्ल, म्हणजे शर्यतीआधी गाड्यांपाशी उभ्या राहणाऱ्या मॉडेल, बंद केल्या, डार्ट्सच्या व्यावसायिक संघटनेने त्याच महिन्यात मंचापर्यंत सोबत करणाऱ्या मुलींची प्रथा थांबवली, आणि २०२१ मध्ये यूएफसीचा माजी विजेता खबीब नुरमागोमेदोवने रिंग गर्लचा लढतीला काहीच उपयोग नसल्याचे जाहीरपणे म्हटले. हे काम पुढेमागे आटू शकते, असे मलाही वाटते. म्हणून कार्ड हातात असतानाच खेळाचे नियम, वजनी गट आणि गुणांची पद्धत शिकून घ्यावी. मराठी आणि हिंदीतून लढत समजावून सांगू शकणारी निवेदिका किंवा पडद्यामागची फ्लोअर मॅनेजर आयोजकांना सहजी सापडत नाही, आणि त्या जागेसाठी रिंगच्या कडेला घालवलेल्या रात्री कामी येतात.

पैसे

निम्मी रक्कम आगाऊ मागावी. नवख्या मुलीला ती दर वेळी मिळेलच असे नाही, पण मागितल्याशिवाय कोणालाच मिळत नाही. उरलेल्या रकमेसाठी मुंबईच्या इव्हेंटवाल्यांकडून साठ, नव्वद दिवसांच्या तारखा ऐकाव्या लागतात. काम संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी तारीख घातलेले बिल ई-मेलने पाठवावे, कोऑर्डिनेटरच्या तोंडी आश्वासनावर सोडू नये, आणि मानधनातून आधीच कापलेला आयकर, म्हणजे टीडीएस, आपल्या पॅनवर खरोखर जमा झाला आहे की नाही, हे आयकर विभागाच्या संकेतस्थळावर पाहावे. वर्षाची सगळी मिळकत २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही. परंतु लहान उद्योजकांसाठी असलेली सरकारी उद्यम नोंदणी जरूर करावी. ती विनामूल्य आणि ऑनलाइन होते. तिच्यामुळे २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन काम करून घेणाऱ्यावर येते, उशीर झाल्यास व्याज लागू होते आणि तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल खुले होते. ही नोंदणी काम घेण्याआधी झालेली असावी आणि तिचा क्रमांक बिलावर ठळक छापावा.